विनामूल्य खेळ आणि सशुल्क वर्गणी : हिशेब कसा मांडावा?



मुदत ठेव, विमा, मृत्युपत्र, वारसनोंद अशा विषयांवर या सदरात आपण नेहमी विचार करतो. या वेळचा विषय काहींना पोरकट वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या खर्चाची नोंद घराच्या वहीत कोठेच होत नाही, तो लहान असला तरी दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. येलदरीकडील एका व्यापारी कुटुंबाने विचारणा केली आहे. त्यांनी मुलासाठी टीव्हीला जोडायचे खेळाचे यंत्र, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘गेमिंग कन्सोल’, रोख रक्कम देऊन घेतले. फुटबॉलच्या खेळाची डिस्कही विकत घेतली. आता पुण्याच्या आतेभावाबरोबर तोच खेळ खेळायचा तर दरमहा वर्गणी भरावी लागेल, असे मुलगा सांगतो. त्याच्या वर्गमित्राकडे तेच यंत्र आहे आणि तो मात्र एक रुपयाही न भरता रोज इतरांशी खेळतो. तेव्हा ही वर्गणी खरोखर आवश्यक आहे की टाळता येण्याजोगी, असा त्यांचा प्रश्न आहे.

दोन्ही मुलांचे म्हणणे खरे आहे. ते कसे, हे समजून घेतले की निर्णय सोपा होतो.

यंत्र विकत घेतले की ते आपले होते. दूरच्या खेळाडूशी जोडून देणारी व्यवस्था मात्र कंपनीच्या सर्व्हरवर चालते आणि तिची मालकी कंपनीकडेच राहते. पूर्णा नदीवरील येलदरी धरणाचेच उदाहरण घेऊ. येथून सुटलेले पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जाते आणि तेथून कालव्यांनी परभणी, हिंगोली व नांदेड जिल्ह्यांतील शिवारांत पोहोचते. शेत शेतकऱ्याचे, पीकही त्याचेच. पाणीपट्टी मात्र त्याला वेगळी भरावी लागते. पट्टी भरल्याने कालवा त्याच्या नावावर होत नाही. ज्याच्या शेतात भरवशाची विहीर आहे, त्याला कालव्याच्या पाण्यावाचून अडत नाही. कन्सोलच्या वर्गणीचे स्वरूप असेच आहे. म्हणून पहिला प्रश्न दराचा नसून गरजेचा आहे.

ही पट्टी सर्वांनी एकदम लावली नाही. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेत ‘एक्सबॉक्स लाइव्ह’ सुरू केले, ते प्रथमपासूनच सशुल्क होते. दर वर्षाला सुमारे ५० डॉलर. सोनीने २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ बाजारात आणताना आपली सेवा विनामूल्य ठेवली. २०१० मध्ये ‘प्लेस्टेशन प्लस’ ही वर्गणी आली, तीही ऐच्छिक म्हणून. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आले आणि विकत घेतलेल्या बहुतेक खेळांचे ऑनलाइन सामने खेळण्यासाठी तीच वर्गणी आवश्यक झाली. निन्टेन्डोने २०१७ मध्ये ‘स्विच’ आणल्यावर सुमारे दीड वर्ष ऑनलाइन खेळ मोफत ठेवला आणि सप्टेंबर २०१८ पासून वर्षाला २० डॉलर आकारण्यास सुरुवात केली. नवी पेढी उघडताना पहिल्या गिऱ्हाइकाला सवलत आणि गिऱ्हाईक बांधले गेल्यावर दर, ही रीत आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे. फोर्टनाइट, रॉकेट लीग यांसारखे जे खेळ मुळातच विनामूल्य वाटले जातात, ते प्लेस्टेशनवर वर्गणी न भरताही इतरांशी खेळता येतात. एक्सबॉक्सवर पूर्वी अशा खेळांनाही वर्गणी लागत असे. जानेवारी २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने वर्गणीची दरवाढ जाहीर केली, ग्राहकांचा रोष पाहून ती चोवीस तासांच्या आत मागे घेतली आणि विनामूल्य खेळांवरील अट उठवण्याचेही मान्य केले. त्या वर्षीच्या एप्रिलपासून ती सवलत लागू झाली. वर्गमित्र खेळतो तो विनामूल्य खेळ असणार. आपल्या पत्रलेखकांच्या मुलाची फुटबॉलची डिस्क विकत घेतलेल्या खेळाची आहे. तो खेळ घरात एकट्याने, किंवा शेजारी बसलेल्या भावाबहिणीबरोबर दोन कंट्रोलर घेऊन खेळण्यास काहीही भरावे लागत नाही. पुण्याच्या आतेभावाशी सामना लावायचा तेव्हाच वर्गणी लागते.

आता सशुल्क सेवेतील पायऱ्या पाहू. भारतात जून २०२२ पासून प्लेस्टेशन प्लसच्या तीन पायऱ्या आहेत. ‘इसेन्शियल’ या पहिल्या पायरीत ऑनलाइन सामने, दरमहा निवडक खेळ आणि खेळातील प्रगती कंपनीकडे साठवून ठेवण्याची सोय मिळते. ‘एक्स्ट्रा’ या दुसऱ्या पायरीत त्याशिवाय शेकडो खेळांचा संग्रह खुला होतो. ‘डिलक्स’ या तिसऱ्या पायरीत जुने खेळ आणि काही नव्या खेळांची मर्यादित वेळेची चाचणी यांची भर पडते. मायक्रोसॉफ्टच्या ‘गेम पास’च्या पायऱ्यांना ऑक्टोबर २०२५ पासून इसेन्शियल, प्रीमियम आणि अल्टिमेट अशी नावे आहेत. ऑनलाइन सामन्यांची सोय या तिन्हींत आहे. फरक आहे तो खेळांच्या संग्रहाचा. म्हणजे आतेभावाशी खेळणे एवढीच गरज असेल, तर दोन्ही कंपन्यांची सर्वांत खालची पायरी पुरते.

दराचा हिशेब उदाहरणाने मांडतो. जून २०२२ मध्ये पहिल्या पायरीचा दर एका महिन्यास ४९९ रुपये, तीन महिन्यांस १,१९९ रुपये आणि वर्षास २,९९९ रुपये होता. वर्षाच्या रकमेला महिन्याच्या रकमेने भागले की सहा येतात. वर्षात सहा महिन्यांहून अधिक काळ खेळणार असेल तर वार्षिक वर्गणी स्वस्त, कमी खेळणार असेल तर सुटे महिने स्वस्त, असा त्याचा अर्थ. सप्टेंबर २०२३ मध्ये महिन्याचा दर तोच राहिला, पण वार्षिक दर ३,९४९ रुपये झाला. ही वाढ सुमारे ३२ टक्के होते आणि भागाकार सहावरून जवळजवळ आठवर जातो. वार्षिक योजना म्हणजे हमखास बचत हा समज म्हणूनच तपासून घ्यावा. आज पडद्यावर जो दर दिसेल, त्याचा हाच भागाकार करावा आणि मग आपल्या घरात वर्षाचे किती महिने हे यंत्र खरोखर चालते, ते मोजावे. शाळेच्या मुलाच्या बाबतीत उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी आणि अधूनमधूनचे काही दिवस धरले तरी चार महिन्यांच्या पुढे सहसा जात नाही. परीक्षेचा काळ आणि पर्युषण वजा जातातच. अशा घराला तीन महिन्यांची आणि एखाद्या सुट्या महिन्याची वर्गणी पुरेशी होते.

काटकसरीची आणखी एक गोष्ट पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते. दोन्ही कंपन्यांच्या यंत्रांवर एक कन्सोल ‘घरचे’ म्हणून नोंदवता येते. ज्याच्या नावे वर्गणी आहे त्याने तशी नोंद केली, की त्याच यंत्रावर स्वतःच्या खात्याने खेळणाऱ्या भावंडांनाही ऑनलाइन खेळाचा लाभ मिळतो. एका घरात, एका यंत्रावर, दोन मुलांसाठी दोन वर्गण्या भरण्याचे कारण नाही.

यानंतरचा प्रश्न मालकीचा. येथे बँकेतल्या सवयीने मी खर्चाचे दोन भाग करतो : मालमत्ता आणि भाडे. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ भारतात आले, तेव्हा डिस्क चालणाऱ्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये आणि डिस्कचा कप्पा नसलेल्या यंत्राची ३९,९९० रुपये होती. दहा हजारांची ही बचत आकर्षक दिसते. परंतु डिस्क वाचवून ठेवता येते, चुलत भावाला खेळायला देता येते आणि कंटाळा आल्यावर जुन्या बाजारात विकता येते. कप्पा नसलेल्या यंत्राला प्रत्येक खेळ कंपनीच्याच दुकानातून घ्यावा लागतो आणि तो पुढे विकता येत नाही. वर्गणीतून मिळणारे खेळ तर भाड्याचेच. वर्गणी थांबली की संग्रहातील खेळ बंद होतात. वर्गणी चालू असतानाही कंपनी काही खेळ संग्रहातून काढून घेते. दरमहा मिळणारे निवडक खेळ आपण वेळेत आपल्या खात्यात घेतले, तर वर्गणी पुन्हा सुरू केल्यावर ते पुन्हा उघडतात, एवढाच फरक.

तरीही भाडे नेहमीच तोट्याचे असे नाही. त्या काळात मोठ्या कंपनीच्या एका नव्या खेळाची किंमत ४,९९९ रुपये होती आणि दुसऱ्या पायरीची वार्षिक वर्गणीही नेमकी ४,९९९ रुपये. जे मूल एकच खेळ वर्षभर खेळते, त्याच्यासाठी डिस्क घेणे शहाणपणाचे. जे मूल दर पंधरा दिवसांनी नवा खेळ शोधते, त्याच्यासाठी सुट्टीपुरती दुसरी पायरी घेतली, तर पाच-सहा डिस्का विकत घेण्यापेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडते. निर्णय मुलाचा स्वभाव पाहून करावा, जाहिरातीतील खेळांची संख्या पाहून नव्हे. शेकडो खेळांच्या संग्रहातील तीनच खेळ खेळले गेले, तर आपण तीन खेळांचेच भाडे दिले असे समजावे.

आपल्या भागातील वाचकांनी आणखी एक खर्च धरला पाहिजे. संग्रहातील खेळ इंटरनेटवरून यंत्रात उतरवून घ्यावे लागतात आणि एखादा मोठा खेळ १०० जीबीपर्यंत जागा व्यापतो. ज्या घरात मोबाइलच्या रोजच्या दोन जीबी डेटावर सर्व व्यवहार चालतो, तेथे असा एक खेळ उतरवायला पन्नास दिवसांचा डेटा लागेल. शहरात बसून केलेली ‘कोणती वर्गणी उत्तम’ ही तुलना हा खर्च धरत नाही. घरी तारेचे स्थिर इंटरनेट नसेल, तर मोठ्या संग्रहाची वर्गणी घेऊ नये. ऑनलाइन सामन्याला डेटा तुलनेने कमी लागतो, पण जोडणी अखंड लागते. वीज किंवा नेटवर्क वारंवार जाणाऱ्या ठिकाणी सामना मध्येच तुटतो आणि मुलाचा हिरमोड होतो. म्हणून आधी एका महिन्याची वर्गणी घेऊन पाहावे आणि मगच पुढचा विचार करावा.

आता विनामूल्य खेळांकडे वळू. धर्मादाय संस्था सोडल्यास फुकट वाटणारा कोणीतरी कोठेतरी वसूल करतो, हे आपण जाणतो. विनामूल्य खेळात वसुली खेळाच्या आतील दुकानातून होते : पात्राचा नवा पोशाख, नृत्याची नवी चाल, पुढच्या टप्प्याचा परवाना. प्रत्येक वस्तूची किंमत लहान असते आणि ती रुपयांऐवजी खेळातील नाण्यांत दाखवली जाते, त्यामुळे खर्चाची जाणीव बोथट होते. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फोर्टनाइट चालवणाऱ्या एपिक गेम्स या कंपनीवर कारवाई केली आणि कंपनीने एकूण ५२ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. त्यांपैकी २७.५ कोटी मुलांच्या खासगी माहितीसंबंधीच्या नियमभंगाचा दंड होता. उरलेले २४.५ कोटी ग्राहकांच्या परताव्यासाठी होते. बटणांच्या फसव्या मांडणीमुळे नकळत खरेदी होते आणि पालकांच्या संमतीवाचून मुलांकडून रक्कम घेतली जाते, असा आयोगाचा आक्षेप होता. तेव्हा वर्गणी वाचवणाऱ्या वर्गमित्राच्या घरीही वर्षाचा हिशेब मांडून पाहावा. सहा महिने दरमहा ५०० रुपयांचे पोशाख घेतले गेले असतील, तर ‘फुकट’ खेळावर ३,००० रुपये गेले. ते २०२२ च्या वार्षिक वर्गणीएवढेच झाले.

येथे पैशांच्या खेळांविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. रक्कम लावून रक्कम जिंकण्याच्या आशेने खेळला जाणारा ऑनलाइन खेळ ही संपूर्ण निराळी गोष्ट आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने असे खेळ चालवण्यास आणि त्यांची जाहिरात करण्यास मनाई केली आहे. पैज नसलेला करमणुकीचा खेळ मात्र वर्गणी किंवा प्रवेशशुल्क घेऊन चालवता येतो, असे त्याच कायद्यात म्हटले आहे. सप्तव्यसनांत पहिले नाव द्यूताचे येते. कन्सोलची वर्गणी त्या सदरात मोडत नाही. परंतु वर्गणी आणि पैज यांतील भेद मुलांना आपणच समजावून दिला पाहिजे, कारण पडद्यावर दोन्हींची बटणे सारखीच दिसतात.

बँकेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग आपोआप नूतनीकरणाचा आहे. वर्गणी घेताना मुदत संपल्यावर ती आपोआप पुढे चालू राहण्याची सोय बहुधा आधीच सुरू असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून होणाऱ्या अशा आवर्ती वजावटीसाठी प्रथम ओटीपीने संमती द्यावी लागते आणि प्रत्येक वजावटीपूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळते. हे नियम ऑक्टोबर २०२१ पासून काटेकोरपणे लागू झाले. जून २०२२ मध्ये ओटीपीशिवाय होणाऱ्या वजावटीची मर्यादा ५,००० रुपयांवरून १५,००० रुपये करण्यात आली. कोणत्याही कन्सोलची वर्गणी त्या मर्यादेत बसते, म्हणजे एकदा संमती दिली की पुढच्या वजावटी ओटीपी न मागता होत राहतात. सूचनेचा संदेश येतो, पण ज्याच्या मोबाइलवर दिवसाकाठी दुकानाचे शंभर संदेश येतात, त्याच्या नजरेतून तो निसटतो. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर कार्डाच्या आवर्ती संमतींची यादी पाहता येते आणि नको ती संमती तेथेच रद्द करता येते. वर्षातून एकदा, वहीपूजनाच्या सुमारास, ही यादी उघडून पाहण्याचा प्रघात घरात पाडावा.

वर्गणी सुरू करणे एका बटणाचे आणि बंद करणे दहा पडद्यांचे असेल, तर तो आपल्या देशात गैरप्रकार मानला जातो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा फसव्या मांडणीचे १३ प्रकार दिले आहेत आणि ‘वर्गणीचा सापळा’ हा त्यांपैकी एक आहे. अशी अडचण आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

व्यापारी कुटुंबांसाठी दोन सूचना खास. पहिली, दुकानाच्या चालू खात्याशी जोडलेले कार्ड खेळाच्या यंत्रात कधीही साठवू नये. २०११ च्या एप्रिलमध्ये प्लेस्टेशनच्या जाळ्यात चोरांनी प्रवेश केला, ७.७ कोटी खात्यांची माहिती धोक्यात आली आणि सेवा सुमारे तीन आठवडे बंद राहिली. त्याऐवजी ठराविक रकमेचे प्रीपेड व्हाउचर घेऊन तेवढीच रक्कम मुलाच्या खात्यात भरावी. दुसरी, वर्गणीवर भरलेल्या जीएसटीची वजावट दुकानाच्या विवरणपत्रात घेऊ नये. वैयक्तिक उपभोगाच्या वस्तू व सेवांवर इनपुट क्रेडिट मिळत नाही. रक्कम क्षुल्लक असली तरी तपासणीच्या वेळी ती संपूर्ण वहीच्या विश्वासार्हतेवर प्रश्न उभा करते.

मुलासाठी वडिलांच्या किंवा आईच्या खात्याखाली वेगळे बालखाते उघडावे. त्यात खर्चाची मासिक मर्यादा ठरवता येते, ती शून्यही ठेवता येते. खेळण्याची वेळही तेथेच आखून देता येते. या सोयीला कोणतेही शुल्क नाही.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर. एकट्याने किंवा घरातल्यांबरोबर खेळणाऱ्या मुलाला वर्गणीची गरज नाही. केवळ विनामूल्य खेळ खेळणाऱ्यालाही नाही. तेथे खेळातील दुकानाला कुलूप लावणे पुरे. विकत घेतलेला खेळ दूरच्या आप्तांशी खेळायचा असेल, तर खालची पायरी, तीही सुट्टीच्या महिन्यांपुरती. अनेक खेळ चाखून पाहण्याची आवड असेल आणि घरी उत्तम इंटरनेट असेल, तरच मधली पायरी. सर्वांत वरची पायरी शाळकरी मुलाच्या घरात मला तरी आवश्यक वाटत नाही.

पत्रलेखकांना मात्र मी वर्गणी घेण्याचाच सल्ला दिला आहे आणि त्याचे कारण हिशेबापलीकडचे आहे. आपल्या समाजाची कितीतरी घरे अशाच लहान गावांत दुकाने सांभाळून आहेत. भावंडे पुण्या-मुंबईत, काही परदेशात. लग्नकार्यात वर्षातून दोनदा भेटणाऱ्या मुलांमध्ये बोलण्यासारखे काही उरत नाही, ही तक्रार आपण सर्वच करतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी आतेभावाशी फुटबॉलचा सामना होत असेल, दोघे हेडफोनवरून एकमेकांना चिडवत असतील, तर सुट्टीतील त्या एका महिन्याचे चार-पाचशे रुपये वाया गेले असे मी म्हणणार नाही. अट एवढीच, की ती रक्कम घराच्या वहीत मुलाच्या हाताने लिहिली जावी : कोणत्या तारखेस भरली, कोणत्या तारखेस संपते आणि त्या काळात किती दिवस खेळलो. महिना संपल्यावर पुढची वर्गणी घ्यावी की नाही, हे तीच नोंद समोर ठेवून त्याच्याशी बोलून ठरवावे. भाड्याचा आणि मालकीचा फरक त्याला पुढे दुकान सांभाळताना शिकायचाच आहे. तो आज शिकला तर उत्तमच.

पुढील अंकात ज्येष्ठ नागरिकांच्या मुदत ठेवींवरील करकपातीविषयी विचार करू. आपले प्रश्न संपादकांच्या पत्त्यावर अवश्य पाठवावेत.